जागा वाढल्या, जागेचे काय?

दिल्ली विद्यापीठाच्या तीन नव्या प्रकल्पांची पायाभरणी ३ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली. सूरजमल विहार येथे पूर्व परिसर, द्वारका येथे पश्चिम परिसर आणि नजफगडनजीक रोशनपुरा येथे वीर सावरकर यांच्या नावाचे महाविद्यालय, असे हे तीन प्रकल्प असून त्यांचा एकूण खर्च ६०० कोटी रुपयांहून अधिक आहे. दिल्ली विधानसभेची निवडणूक महिन्यावर येऊन ठेपली होती आणि डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनाला जेमतेम आठवडा लोटला होता. त्यामुळे पुढे जे झाले ते अपेक्षितच होते. याच विद्यापीठात एकेकाळी अर्थशास्त्र शिकविणाऱ्या डॉ. सिंग यांचे नाव महाविद्यालयाला द्यावे, अशी मागणी काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेने केली, भाजपने तिला नेहमीच्या त्वेषाने उत्तर दिले आणि वाहिन्यांची सोय झाली. सावरकरांचे नाव आले की मराठी वाचकाचे लक्षही तिकडे वळते, हे स्वाभाविकच आहे. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र फारसा ऐकू आला नाही. रोशनपुऱ्याच्या या महाविद्यालयात शिकणारी मुले राहणार कोठे आणि येणार कशी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. नजफगडपासून विद्यापीठाचा उत्तर परिसर तीसेक किलोमीटरवर आहे. मेट्रोने यायचे तर द्वारका आणि राजीव चौक अशा दोन ठिकाणी गाडी बदलावी लागते. मध्यवर्ती ग्रंथालय, विद्यापीठाचे विभाग, व्याख्याने, नाट्यस्पर्धा, निवडणुका, मोर्चे, थोडक्यात ज्याला विद्यापीठीय जीवन म्हणतात ते सारे तिकडे आणि पदवीचे वर्ग इकडे, अशी ही विभागणी आहे. नव्या संस्थेने दक्षिण-पश्चिम दिल्लीच्या खेड्यापाड्यांतील मुला-मुलींना घराजवळ महाविद्यालय मिळेल, हा तिचा खरा आणि मोठा लाभ आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश देशव्यापी सामायिक परीक्षेद्वारे होतात. पाटण्याच्या, इंफाळच्या किंवा लातूरच्या विद्यार्थ्याला पसंतीक्रमात जे महाविद्यालय मिळेल ते स्वीकारावे लागते. प्रवेशाची व्यवस्था अखिल भारतीय आणि निवासाची कल्पना मात्र ‘घरी राहून शिकणाऱ्या दिल्लीकरा’ची, ही विसंगती नजफगडपुरती मर्यादित नाही. ती आपल्या उच्च शिक्षणाच्या सगळ्या विस्तारातच दडलेली आहे.

मराठीत ‘जागा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. प्रवेशासाठीची जागा आणि राहण्या-बसण्याची जागा. संसदेने गेल्या वीस वर्षांत पहिल्या अर्थाच्या जागा भरघोस वाढविल्या. दुसऱ्या अर्थाच्या जागेचा हिशेब तिने फारसा मागितला नाही.

केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण देणारा कायदा २००६ च्या अखेरीस संमत झाला. खुल्या गटाच्या जागा कमी होता कामा नयेत, ही राजकीय तडजोड त्या कायद्यातच लिहिलेली होती. ती पाळायची तर एकूण प्रवेशक्षमता ५४ टक्क्यांनी वाढविणे भाग होते. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील देखरेख समितीने हे गणित मांडले. एप्रिल २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशोक कुमार ठाकूर खटल्यात कायदा वैध ठरविला आणि विस्तार सुरू झाला. यासाठी केंद्राने निधीच दिला नाही असे म्हणता येणार नाही. निधी आला, इमारतीही उभ्या राहिल्या. पण कायद्याने सक्ती केली होती ती प्रवेशाच्या आकड्याची. खाटांच्या आकड्याची सक्ती कोणी केली नव्हती. तीन वर्षांत विस्तार पूर्ण करणे अनेक संस्थांना पायाभूत सुविधांअभावी जमेना, तेव्हा २०१२ मध्ये दुरुस्ती करून ही मुदत सहा वर्षांवर नेण्यात आली. सभागृहात त्या दुरुस्तीवर जी भाषणे झाली त्यांचा रोख स्वाभाविकपणे सामाजिक न्यायाकडे होता. दोनासाठी बांधलेल्या खोलीत तिघे आणि चौघे राहू लागले, ही सामाजिक न्यायाच्याच प्रश्नाची दुसरी बाजू आहे, हे तेव्हाही ध्यानात घेतले गेले नाही. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्के आरक्षण आले आणि पुन्हा सुमारे २५ टक्के जागा वाढविण्याचे फर्मान निघाले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची पहिली तुकडी २०२५ मध्ये दिल्ली विद्यापीठात चौथ्या वर्षाला पोहोचली. म्हणजे त्याच इमारतींवर आणि त्याच वसतिगृहांवर आणखी एका वर्षाचा भार आला.

या वाढीचा पहिला फटका कोणाला बसतो? ज्याच्यासाठी ती केली गेली त्यालाच. शहरातील सुस्थित घरच्या मुलाला वसतिगृह लागत नाही. ते लागते खेड्यातून, दुसऱ्या राज्यातून, पहिल्या पिढीत शिकायला आलेल्याला. दिल्ली विद्यापीठात दरवर्षी पदवीच्या सुमारे ७० हजार जागा भरल्या जातात, परंतु वसतिगृह असलेली महाविद्यालये थोडकी आहेत आणि तेथील खाटांवर गुणवत्तायादीचे राज्य चालते. उरलेल्यांना कमला नगर, विजय नगर, हडसन लेन, मुखर्जी नगर, दक्षिणेकडे सत्य निकेतन, हे पत्ते शोधावे लागतात. पुण्याच्या पेठांत ज्याला ‘कॉट बेसिस’ म्हणतात तोच हा व्यवहार, फक्त दर राजधानीचे. एका खोलीचे प्लायवूडच्या भिंतींनी दोन-तीन भाग केलेले, खिडकी त्यांपैकी एकाच्या वाट्याला. विद्यापीठाचे शुल्क वर्षाला जेवढे असते त्याहून अधिक पैसे तेथे काही आठवड्यांत संपतात. ‘स्वस्त सरकारी शिक्षण’ या कल्पनेतील फोलपणा येथे उघडा पडतो. शिक्षण स्वस्त राहते आणि शिकणे महाग होते.

या भाड्यांवर कायद्याचा अंकुश जवळपास नाही. दिल्ली भाडेनियंत्रण कायदा १९५८ चा. १९८८ च्या दुरुस्तीनंतर दरमहा साडेतीन हजार रुपयांवरील भाडे त्याच्या कक्षेबाहेर गेले आणि आज तेवढ्यात दिल्लीत खोलीचा कोपराही मिळत नाही. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने १९९५ मध्ये नवा भाडे कायदा संमत केला, राष्ट्रपतींची त्यावर मोहोर उमटली, पण व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे तो अंमलात आणण्याची अधिसूचना एकाही सरकारने काढली नाही. संसदेने संमत केलेला कायदा पक्षोपक्षांच्या सरकारांनी असा गुंडाळून ठेवल्याची उदाहरणे फार नाहीत. विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खर्चाविषयी अलीकडे एक अनुकूल निर्णय झाला तो वस्तू व सेवा कर परिषदेच्या ५३ व्या बैठकीत, २२ जून २०२४ रोजी. दरमहा माणशी २० हजार रुपयांपर्यंत भाडे असलेल्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या वास्तव्याला तीत करमाफी देण्यात आली. तोवर विद्यापीठाबाहेरच्या वसतिगृहांवर हॉटेलाप्रमाणे कर लावावा काय, याचा खल चालू होता.

त्यानंतर पाचच आठवड्यांनी, २७ जुलै २०२४ रोजी, जुन्या राजिंदर नगरात एका शिकवणीच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. दोन दिवसांनी संसदेत हा विषय गाजला. महापालिका कोणाची, नाले कोणी साफ करायचे, तळघराला परवाना कोणी दिला, यावर आरोप-प्रत्यारोप झाले. ते आवश्यकही होते. तेथील मुले स्पर्धा परीक्षांची उमेदवार होती, हेही खरे. त्यांत महाराष्ट्रातून आलेल्यांची संख्या मोठी असते. परंतु पैसे मोजून तळघरात अभ्यासाला बसण्याची वेळ येते ती खोलीत बसायला जागा नसते आणि सार्वजनिक ग्रंथालय जवळ नसते म्हणून. उत्तर परिसराभोवतीच्या गल्ल्यांत विद्यापीठाचे विद्यार्थीदेखील याच अभ्यासिकांचे ग्राहक आहेत. त्या दिवशी चर्चा नाल्यापाशी थांबली.

नियोजन विचारपूर्वक केले तर काय साधते, याचे उदाहरणही राजधानीतच आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा कायदा १९६६ चा, स्थापना १९६९ ची. अरवलीच्या खडकाळ माळावर सुमारे हजार एकर जमीन मिळाली. वास्तुरचनेसाठी देशव्यापी स्पर्धा झाली आणि सी. पी. कुकरेजा या तरुण वास्तुविशारदाचा आराखडा निवडला गेला. त्या आराखड्यातील विचार आजही चालताना जाणवतो. वसतिगृहे, वर्ग, ग्रंथालय आणि प्राध्यापकांची घरे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. वसतिगृहांना देशभरच्या नद्यांची नावे दिली गेली. गंगा, झेलम, गोदावरी, पेरियार, अगदी आपली कोयनासुद्धा तेथे आहे. शहराशी जोडणारा धागा म्हणून ६१५ क्रमांकाची बस होती, जी थेट वसतिगृहांपर्यंत येते. या विद्यापीठाच्या राजकीय वैशिष्ट्यांवर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत, त्यावर स्तुती आणि शिव्याशाप दोन्ही झाले आहेत. रात्री जेवणानंतर खानावळीत होणारी सभा, ढाब्यावर चालणारे वाद, मध्यरात्री ग्रंथालयातून एकट्याने परतणारी मुलगी, या गोष्टी विचारसरणीतून जेवढ्या आल्या तेवढ्याच त्या आराखड्यातूनही आल्या, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सायंकाळी सहाला शेवटची बस पकडावी लागणाऱ्या विद्यापीठात रात्रीची सभा होत नाही, मग तेथील विद्यार्थी डावे असोत वा उजवे.

म्हणूनच १८ नोव्हेंबर २०१९ रोजी, हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, याच विद्यापीठाचे विद्यार्थी संसदेच्या दिशेने निघाले तेव्हा त्यांच्या हातातील मागणी वसतिगृहाच्या शुल्काची होती, हे समजून घ्यायला हवे. एकट्याच्या खोलीचे महिना २० रुपयांचे भाडे ६०० रुपयांवर आणि दोघांच्या खोलीचे १० रुपयांचे ३०० वर नेण्याचा प्रस्ताव होता. टीकाकारांनी या आकड्यांची टिंगल केली आणि वीस रुपयांत आज चहा तरी मिळतो काय, असे विचारले. खरा बोजा भाड्याचा नव्हताच. पाणी, वीज आणि कर्मचाऱ्यांच्या खर्चापोटी महिना सुमारे १,७०० रुपयांचा सेवाशुल्क प्रथमच विद्यार्थ्यांवर टाकला जाणार होता. विद्यापीठाच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार सुमारे ४० टक्के विद्यार्थी महिना १२ हजारांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतून आलेले होते. अशा कुटुंबात दीड-दोन हजारांनी काय होते, याचे गणित अवघड नाही. दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थ्यांना सवलत देऊन प्रशासनाने अंशतः माघार घेतली. संसदेभोवती त्या दिवशी जमावबंदी होती, जवळची मेट्रो स्थानके काही काळ बंद ठेवण्यात आली आणि सभागृहांत नेहमीप्रमाणे गोंधळ झाला. पुढे जून २०२२ मध्ये थकबाकीचे कारण देऊन परिसरातील उपाहारगृहे व ढाबे रिकामे करण्याच्या नोटिसा निघाल्या. चहाची टपरी ही मालमत्ता विभागाच्या दृष्टीने थकबाकीदार भाडेकरू असते. रात्री अकराला भूक लागलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती विद्यापीठाचाच एक विभाग असते.

दिल्लीबाहेर पाहिले तर चित्र अधिक विदारक आहे आणि त्यातील राजकारण अधिक उघडे. लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर २००९ मध्ये केंद्रीय विद्यापीठ कायदा आला. तीन राज्य विद्यापीठांना केंद्रीय दर्जा मिळाला आणि बारा राज्यांत नव्या विद्यापीठांची घोषणा झाली. विद्यापीठ कोठे असावे, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी कोठून येतील यावर ठरायला हवे होते. प्रत्यक्षात ते ठरले जमीन कोठे फुकट मिळते आणि कोणाचा मतदारसंघ आहे यावर. जम्मू-काश्मीरसाठी एक विद्यापीठ जाहीर झाले आणि जम्मूत आंदोलन पेटताच दोन करावी लागली. बिहारात नितीशकुमार यांचा आग्रह मोतीहारीचा आणि केंद्राचा कल गयेकडे. वाद वर्षानुवर्षे चालला, तोवर विद्यापीठ पाटण्यात दुसऱ्या संस्थेच्या आवारात भाड्याने चालले आणि शेवटी २०१४ च्या दुरुस्तीने गया व मोतीहारी अशी दोन विद्यापीठे करून तोडगा निघाला. राजकीयदृष्ट्या तो सुज्ञ तोडगा होता. पण जागेच्या वादात पहिल्या काही तुकड्या परिसर न पाहताच पदवी घेऊन बाहेर पडल्या.

हिमाचल प्रदेशाची कथा याहून बोलकी आहे. तेथील केंद्रीय विद्यापीठ २००९ चे. धर्मशाला की देहरा, हा वाद पहिल्या दिवसापासून आहे. दोन्ही ठिकाणे कांगडा जिल्ह्यातच, पण धर्मशाला कांगडा लोकसभा मतदारसंघात येते आणि देहरा हमीरपूर मतदारसंघात. एवढी एक रेषा नकाशावर पाहिली की पुढची पंधरा वर्षे उलगडतात. प्रेमकुमार धुमल यांचे सरकार देहऱ्याच्या बाजूने, वीरभद्र सिंह यांचे धर्मशाळेच्या. अखेर विद्यापीठाचे दोन परिसर करावेत असे ठरले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते पायाभरणीही झाली. पुढे धर्मशाळेजवळच्या जदरांगल येथील जमिनीच्या वनमंजुरीसाठी राज्याने भरायच्या सुमारे ३० कोटी रुपयांवरून सुखविंदर सिंह सुक्खू सरकार आणि भाजप यांच्यात जुंपली. दरम्यान वर्ग भरत राहिले ते शाहपूर, धर्मशाला आणि देहरा अशा तीन ठिकाणी, तात्पुरत्या किंवा उसन्या इमारतींत. देहरा ते धर्मशाला हे अंतर डोंगरी रस्त्याने पन्नासेक किलोमीटरचे आहे. एका विभागाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या विभागातील विषय घ्यायचा असेल, तर नव्या शैक्षणिक धोरणातील ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द त्याला बसच्या वेळापत्रकात शोधावा लागतो.

अन्य ठिकाणी वाद झाले नाहीत, पण अंतरे तशीच राहिली. हरयाणाचे केंद्रीय विद्यापीठ महेंद्रगडजवळच्या जांट-पाली गावांत आहे. राजस्थानचे अजमेर जिल्ह्यात बांदरसिंदरीला, महामार्गालगत. कर्नाटकाचे कलबुर्गी-आळंद रस्त्यावर कडगंचीला, म्हणजे सोलापूरच्या शेजारात. आपल्या वर्ध्याचे आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठही टेकड्यांवर वसले. मागास भागात संस्था न्यावी या धोरणात चूक नाही, आणि कोरापुट किंवा कासरगोडसारख्या जिल्ह्यांना विद्यापीठ मिळाले याचे मोल मोठे आहे. तथापि माळरानावर विद्यापीठ नेले की शहर जे फुकट पुरविते ते सारे विद्यापीठाला स्वतः उभे करावे लागते. दवाखाना, औषधांचे दुकान, झेरॉक्स, केशकर्तनालय, रात्रीची बस, शिकवण्या घेऊन चार पैसे मिळविण्याची संधी, अशी ही यादी लांबत जाते. संशोधन करणाऱ्या विवाहित विद्यार्थ्याच्या जोडीदाराला नोकरी कोठे मिळेल, हाही त्यातलाच प्रश्न. आराखड्यात प्रशासकीय इमारत, प्रवेशद्वार आणि सभागृह आधी येते. ज्यांचे उद्घाटन करता येत नाही त्या गोष्टी शेवटी येतात, किंवा येतच नाहीत.

याची कारणे पैशाच्या रचनेतही आहेत. केंद्राने २०१७ मध्ये कॅनरा बँकेच्या भागीदारीत उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली. इमारतींसाठी पूर्वी अनुदान मिळे, त्याच्या जागी कर्ज आले. मुद्दलाचा काही वाटा संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून फेडायचा असतो आणि विद्यापीठाचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः शुल्क. शिवाय हे कर्ज मिळते भांडवली कामाला. वसतिगृह बांधायला ते घेता येईल, पण त्यातील रखवालदार, स्वयंपाकी, परिचारिका आणि बसचा चालक यांचा पगार त्यातून देता येत नाही. त्यामुळे इमारत उभी आहे आणि चालविण्यास माणसे नाहीत, अशी अवस्था होते. निर्णय घेणाऱ्या इमारत समितीत कुलगुरू, अभियंते आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे अधिकारी बसतात. त्या इमारतीत जो पाच वर्षे काढणार, त्याला तेथे खुर्ची नसते.

मुलींच्या बाबतीत तर नियोजनातील प्रत्येक त्रुटीची किंमत दुप्पट होते. अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय-निवडीचा अभ्यास केला. सुरक्षित वाटणारा रस्ता मिळावा म्हणून मुली आपल्या गुणांना साजेशा चांगल्या महाविद्यालयावर पाणी सोडून कमी दर्जाचे महाविद्यालय पत्करतात आणि प्रवासावर मुलांहून अधिक खर्चही करतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत महिलांना बसप्रवास मोफत झाला तेव्हा ‘रेवडी’चा आरोप झाला. तो निर्णय निवडणुकीवर डोळा ठेवून घेतला असेलही, पण तो शिक्षणविषयक निर्णय होता हे त्यावर टीका करणाऱ्यांनी आणि श्रेय घेणाऱ्यांनीही फारसे ओळखले नाही.

वाराणसीत हेच निराळ्या रूपात दिसले. बनारस हिंदू विद्यापीठाचा परिसर सुमारे १,३०० एकरांचा, मालवीयांच्या स्वप्नाप्रमाणे अर्धवर्तुळाकार आखलेला आणि देशातील सर्वांत देखण्या परिसरांपैकी एक. सप्टेंबर २०१७ मध्ये सायंकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीचा विनयभंग झाला आणि शेकडो मुली लंका येथील सिंहद्वारावर येऊन बसल्या. त्यांच्या मागण्या काय होत्या? रस्त्यांवर दिवे लावा, कॅमेरे बसवा, रखवालदारांना जबाबदार धरा. पंतप्रधान त्याच वेळी आपल्या या मतदारसंघात होते. मुलींच्या आंदोलनावर लाठ्या चालल्या आणि विषय राष्ट्रीय झाला. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी एवढे व्हावे लागले. विशेष म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीची नियमावली त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०१६ मध्ये, राजपत्रात आली होती. परिसरात पुरेसा उजेड हवा, विस्तीर्ण परिसरांत वसतिगृह, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांना जोडणारी भरवशाची वाहनव्यवस्था हवी, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. सुरक्षेची सबब पुढे करून मुलींच्या वसतिगृहांवर मुलांहून निराळे निर्बंध लादू नयेत, असेही तीत आहे. नियमावलीचा पहिला भाग पाळायला खर्च येतो, दुसरा मोडायला एक कुलूप पुरते. दिवा लावण्यापेक्षा रात्री आठला दार बंद करणे स्वस्त पडते, म्हणून ते सर्वत्र चालते. २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ या नावाने दिल्लीतील मुलींनी जे आंदोलन उभारले ते याच कुलपाविरुद्ध होते.

परिसर नीट वसला, मोठा झाला, तरी तो टिकेल याची हमी नसते. हैदराबाद विद्यापीठ हे राज्यघटनेत उल्लेख असलेले विद्यापीठ. तेलंगण-आंध्र वादावरील सहा कलमी तोडग्यातून अनुच्छेद ३७१ ई आला आणि १९७४ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा गच्चीबावली शहराबाहेर होती आणि सुमारे २,३०० एकर जमीन देताना कोणाचे मन कचरले नाही. पुढे सायबराबाद उभे राहिले आणि त्या जमिनीला भाव आला. त्यातील ४०० एकर राज्याने एका खासगी कंपनीला दिले, मग तो करार रद्द केला आणि जमीन परत मिळविण्याची लढाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जिंकली. मार्च २०२५ च्या अखेरीस त्याच कांचा गच्चीबावलीच्या रानात रात्रंदिवस यंत्रे चालू लागली तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले. ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. सातबारा कोणाच्या नावावर, हा वाद राज्य आणि विद्यापीठ यांच्यात आहे आणि कागदपत्रे राज्याच्या बाजूची दिसतात. पण वसतिगृहाच्या खिडकीसमोरचे तळे आणि रान हा विद्यार्थ्याच्या दिनचर्येचा भाग असतो, त्याची नोंद महसूल खात्यात नसते. दिल्लीतही विश्वविद्यालय मेट्रो स्थानकासाठी म्हणून संरक्षण खात्याकडून घेतलेल्या जमिनीचा मोठा भाग खासगी निवासी मनोऱ्यासाठी दिला गेला आणि मुलींच्या वसतिगृहांशेजारी गगनचुंबी इमारत नको म्हणून विद्यापीठाला वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागले. केंद्राच्याच एका अंगाविरुद्ध केंद्राचेच दुसरे अंग, असा हा खटला.

संसदेत केंद्रीय विद्यापीठांवर प्रश्न विचारले जात नाहीत असे नाही. प्रत्येक अधिवेशनात येतात. प्राध्यापकांची रिक्त पदे, आरक्षित जागांचा अनुशेष, कुलगुरूंच्या नेमणुका, अभ्यासक्रमातील बदल हे त्यांचे विषय असतात. वसतिगृहांविषयी विचारले तर उत्तराची सुरुवात ठरलेली असते. केंद्रीय विद्यापीठे या संसदेच्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या स्वायत्त संस्था आहेत. अभ्यासक्रम आणि नेमणुका यांच्या वेळी ही स्वायत्तता कोठे जाते, असा उपप्रश्न एखाद्या सदस्याने विचारावा, असे वार्ताहर कक्षात बसून अनेकदा वाटते. प्रवेशसंख्येप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाने बाहेरगावचे विद्यार्थी किती आणि खाटा किती, हे दोन आकडे दरवर्षी सभागृहाच्या पटलावर ठेवावेत, एवढे जरी झाले तरी पुढच्या पायाभरणीच्या वेळी विचारायला काही हाती राहील. त्याला कायदा लागत नाही. वार्षिक अहवाल पटलावर ठेवला जातोच.

बसच्या बाबतीत मात्र एक पाऊल पडले आहे. महाविद्यालयांना जोडणाऱ्या ‘यू-स्पेशल’ बस हा दिल्लीच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणींचा भाग. त्या हळूहळू बंद पडत गेल्या. मेट्रो आल्यावर त्यांची गरज उरली नाही, असे सांगण्यात आले. पण मेट्रोच्या ऑक्टोबर २०१७ आणि ऑगस्ट २०२५ या दोन्ही भाडेवाढींत विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर आला नाही. दुसऱ्या भाडेवाढीच्या त्याच आठवड्यात मुख्यमंत्री रेखा गुप्ता यांनी, ज्या स्वतः दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाच्या अध्यक्ष होत्या, वातानुकूलित विजेवरच्या यू-स्पेशल बस सुरू केल्या. त्यांची संख्या २५ होती.